टिपणिसांच्या ताब्यातले साहेब

दत्तप्रसाद टिपणिसांनी आयुष्यात एकही कागद शिक्का मारल्याशिवाय हातावेगळा केला नव्हता. आधी ठाण्यात एका कारखान्याच्या टपाल विभागात, आणि त्र्याण्णव सालापासून दुबईत, तीन वेगवेगळ्या बांधकाम कंपन्यांत डॉक्युमेंट कंट्रोलर म्हणून. आलेल्या प्रत्येक गोष्टीला नंबर, तारीख, 'रिसीव्हड'चा शिक्का आणि खाली सही. घरी लग्नपत्रिका आली तरी ती उलटी करून मागे पेन्सिलीनं तारीख घालत. त्यांची बायको अनुपमा पाहुण्यांना सांगायची, "ईश्वरी झाली तेव्हा नर्सनं दुपट्यात गुंडाळून ह्यांच्या हातात दिली, तर हे खिशात पेन शोधत होते." टिपणीस यावर हसत नसत. पेन त्यांनी खरंच शोधलं होतं.

म्हणून दोन हजार आठच्या एप्रिलमध्ये, दुबई मरीनाच्या सेल्स ऑफिसात भोकं पाडलेली एक लाकडी पेटी आली, तेव्हा आत काय आहे हे विचारायच्या आधीच त्यांचा हात शिक्क्याकडे गेला.

कंपनी 'कॅनपी टॉवर' नावाची इमारत विकत होती. बासष्ट मजले, आणि तळमजल्यावर काचेच्या छताखाली जंगल. खरी झाडं, खरा धबधबा, बटण दाबलं की खरं धुकं. इमारतीच्या जागी तेव्हा खड्डा होता. त्यात पाझरणारं पाणी एक पंप दिवसरात्र उपसत असे. गिऱ्हाइकाला खड्डा दाखवून फ्लॅट विकता येत नाही, म्हणून ऑफिसच्या मधोमध जंगलाचा नमुना उभारला होता. छतापर्यंत पोचणारं काचेचं कपाट, आत फांद्या नि वेली. त्या फांद्यांवर बसवायला एमडींनी इंडोनेशियाच्या कुठल्याशा एकाच बेटावर, झाडांवरच राहणारी एक दुर्मिळ घोरपड मागवली होती.

घोरपड म्हटल्यावर जे मातकट धूड डोळ्यांपुढे येतं, तसलं ते नव्हतं. जेमतेम हातभर शरीर आणि त्याच्या दुप्पट शेपूट. ती शेपूट पाचव्या हातासारखी फांदीला वेढा घालून राही. अंग काळं, त्यावर निळे पट्टे. इतके निळे की टिपणिसांना वाटलं, रंग दिलाय आणि अजून वाळायचाय. सोबत आलेल्या परवान्यावर जात, देश, लांबी सगळं व्यवस्थित होतं. 'लिंग' या रकान्यात मात्र 'माहीत नाही' असं लिहिलं होतं. अर्धवट भरलेला रकाना पाहिला की टिपणिसांच्या दाताखाली खडा आल्यासारखं होई. पण तो त्यांचा रकाना नव्हता. त्यांनी शिक्का मारला, नंबर घातला, आणि 'ताबा' या शब्दापुढे सवयीनं स्वतःची सही केली.

सप्टेंबरात अमेरिकेत एक बँक बुडाली. टिपणिसांनी ती बातमी अनुपमाला वाचून दाखवली आणि पान उलटलं. नोव्हेंबरात खड्ड्यातला पंप बंद पडला. खड्डा हळूहळू भरला आणि त्यात सीगल पक्षी उतरू लागले. जानेवारीत एमडी एका मीटिंगसाठी लंडनला गेले. ती मीटिंग अजून चालू आहे. बासष्ट मजल्यांच्या त्या सगळ्या स्वप्नातून प्रत्यक्षात आलेली गोष्ट एकच होती, आणि ती काचेच्या कपाटात फांदीवर बसून माणसांची टेबलं रिकामी होताना बघत होती.

फेब्रुवारीत लिक्विडेटरचा माणूस आला. बुडालेल्या कंपनीचं किडुकमिडुक मोजून ज्याचं त्याला देणारे हे लोक. माणूस हैदराबादचा, नाव मोहिद्दीन, हातात यादी. त्यानं खुर्च्या मोजल्या, संगणक मोजले आणि मग माणसं बोलावली. आपल्या ताब्यातलं सगळं परत केलं की क्लिअरन्सवर सही, सही झाली की व्हिसा रद्द, आणि व्हिसा रद्द झाला की तीस दिवसांत देश सोडायचा. नव्वद माणसं अशी दोन दिवसांत संपली.

टिपणिसांना देश सोडायला हरकत नव्हती. ठाण्यात त्यांचा फ्लॅट होता. पण ईश्वरी ऊद मेथा भागातल्या शाळेत अकरावीत होती. तिचं बारावीच्या बोर्डाचं रजिस्ट्रेशन झालं होतं, परीक्षा पुढच्या मार्चमध्ये, आणि मधेच शाळा बदलली तर वर्ष हातचं जाणार. अनुपमाला एका दवाखान्यात नोकरी होती. घर तिच्या पगारावर चाललं असतं, पण नवऱ्याला नि मुलीला स्वतःच्या व्हिसावर ठेवणं तिच्या नोकरीत बसत नव्हतं. तिघांचं तिथलं राहणं टिपणिसांच्या पासपोर्टातल्या एका चिकटवलेल्या कागदावर लटकलेलं होतं.

"टिपणीस," मोहिद्दीन यादीवर बोट फिरवत म्हणाला, "फाइलां जमा, शिक्का जमा, चाब्या जमा. ये एक आयटम बाकी है." त्यानं मान वर करून कपाटाकडे पाहिलं. "ये क्या है?"

"घोरपड."

"आपके नाम पे है."

"सही माझी आहे," टिपणीस म्हणाले. सही नाकारणं त्यांना सुचलंच नाही.

मोहिद्दीननं तीन ठिकाणी फोन लावले. एका प्राणिसंग्रहालयात जागा नव्हती. दुकानदाराला विकायची तर कोर्टाची परवानगी हवी होती. तिसऱ्यानं, खायला कोण घालणार, एवढंच विचारून फोन ठेवला. मोहिद्दीननं चष्मा काढून पुसला. "देखो भाई, जब तक इसका फैसला नै होता, ये आपके ताबे में. ताबा बाकी तो क्लिअरन्स नै. क्लिअरन्स नै तो व्हिसा कॅन्सल नै होता."

"आणि ही मेली तर?"

"फिर तो ताबा खलास." त्यानं चष्मा पुन्हा चढवला. "आप भी."

घरी येऊन टिपणिसांनी हे सांगितलं तेव्हा अनुपमा पोळ्या लाटत होती. तिचं लाटणं थांबलं.

"म्हणजे आपण तिघं एका पालीच्या व्हिसावर आहोत?"

"पाल नाही, घोरपड. आणि तिचे कागद आपल्यापेक्षा पक्के आहेत."

सेल्स ऑफिसची वीज तुटायच्या आदल्या दिवशी घोरपड करामाला, टिपणिसांच्या चौथ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये आली. तिला आणलं समोरच्या फ्लॅटमधल्या विली रुमाव यांनी. विली वसईचे, एका हॉटेलच्या लाँड्रीत सुपरवायझर. लाँड्रीच्या व्हॅनमध्ये, धुतलेल्या चादरींच्या दोन गठ्ठ्यांमध्ये पेटी ठेवून आणली. वाटेत सिग्नलला थांबल्यावर ते म्हणाले, "दत्ताभाऊ, बावीस वर्षं लोकांचे डाग काढतोय, पण असला पाहुणा गाडीत पहिल्यांदा बसला."

ईश्वरीनं इंटरनेटवर वाचून फर्मान काढलं. "बाबा, इट नीड्स रेनफॉरेस्ट. एटी पर्सेंट ह्युमिडिटी. अँड हाइट."

घरातली जंगलाच्या सर्वांत जवळची जागा बाथरूम होती. टिपणिसांनी पडद्याच्या दांड्या आडव्यातिडव्या ठोकल्या, कपडे वाळत घालायचा स्टँड उभा केला. विलींनी लाँड्रीतून मोडीत काढलेलं, कपड्यांवर वाफ मारायचं मशीन आणून दिलं. "आमच्या शर्टांना चालते ती वाफ, ह्यांनापण चालेल," ते म्हणाले, आणि ती चालली. खिडकीतला कढीपत्ता एसीनं सुकत चालला होता. अनुपमानं त्याची मोठी कुंडीही आत नेऊन ठेवली. निदान कुणाचं तरी भलं होऊ दे, म्हणाली.

एवढं झाल्यावर आंघोळीला जागा उरली नाही. तेव्हापासून टिपणीस कुटुंब रोज सकाळी खांद्यावर टॉवेल टाकून एकामागून एक समोर रुमावांकडे जाऊ लागलं. विलींची बायको पर्ल दार उघडून फक्त "गीझर लावलाय" म्हणे. पंधरा दिवसांनी बिल्डिंगच्या वॉचमननं टिपणिसांना गाठून हळूच विचारलं, घरात काही भांडण आहे का.

घोरपडीला नाव पडलं तेही आपसूक. एकदा अनुपमा बाथरूमचं दार किलकिलं करून आत बघत होती. पर्लनं विचारलं, "काय करतेय तुमची घोरपड?" अनुपमा म्हणाली, "साहेब बसलेत." पर्ल हसली, पण अनुपमाला त्यात हसण्यासारखं काही दिसेना. कंपनीत दुसरं कुणी उरलं नव्हतं. ज्याच्या असण्यावर आपली नोकरी असते त्याला माणूस दुसरं काय म्हणणार?

साहेबांचा आहार म्हणजे जिवंत रातकिडे, झुरळाच्या जातीचे काही किडे आणि लावीची अंडी. रातकिडे शारजाच्या पक्षिबाजारातून डब्यात यायचे आणि डब्यातून थोडे घरात सुटायचे. दिवे लागायच्या वेळी सोफ्याखालून किर्रर्र सुरू होई, आणि करामातल्या त्या चौथ्या मजल्यावर, जिथे बाहेर नुसते एसी घरघरत, पहिल्यांदा खरी तिन्हीसांज झाल्यासारखी वाटे. मग अनुपमा झाडू घेऊन उठे.

एका बाबतीत मात्र तिनं ऐकलं नाही. टिपणीस तसे मासे-मटण आवडीनं खाणारे, पण गुरुवार दत्ताचा. त्या दिवशी घरात सामिष काही येत नसे. "गुरुवारी साहेबांनासुद्धा किडे मिळणार नाहीत," तिनं जाहीर केलं. "एक दिवस राहतील उपाशी. मी नाही राहत?"

"मम्मा, इट्स अ कार्निव्होर."

"असू दे. घर कुणाचं आहे?"

गुरुवारी टिपणीस तासातासाला बाथरूममध्ये डोकावत. साहेब दांडीवर लांब पसरून, शेपटीचा वेढा सैल सोडून, एक डोळा त्यांच्यावर ठेवून बसलेले असत. दोन महिन्यांनी ईश्वरीनं कुठेतरी वाचलं, आठवड्यातून एक दिवस उपास अशा प्राण्यांना चांगला. अनुपमा फक्त "हं" म्हणाली. त्या 'हं'मध्ये सगळं गुरुचरित्र होतं.

असं चालत राहिलं. मोहिद्दीन दर तीन महिन्यांनी येई, बाथरूमच्या दारात उभा राहून यादीवर खूण करी आणि चहा पिऊन जाई. मेट्रो सुरू झाली. करामातली ओळखीची घरं रिकामी होत होती. सामान विकायच्या चिठ्ठ्या दुकानांच्या काचांवर लागत होत्या. टिपणीस रोज सकाळी तापमान, ओलावा, काय खाल्लं, किती खाल्लं, हे एका वहीत लिहीत. बोर्डाच्या परीक्षेपर्यंतचे दिवस मात्र ते मनात मोजत. त्यांना नंबर घालायची हिंमत झाली नव्हती.

नोव्हेंबरात साहेबांनी खाणं सोडलं.

पहिला दिवस गुरुवार होता, म्हणून कुणाच्या लक्षात आलं नाही. मग शुक्रवार, शनिवार, रविवार. पोट फुगलेलं, डोळे अर्धवट मिटलेले. ईश्वरीची प्रिलिम तोंडावर होती. ती खोलीचं दार लावून अभ्यास करी, पण अर्ध्या तासानं बाथरूमबाहेर फरशीवर केमिस्ट्रीचं पुस्तक घेऊन बसलेली सापडे. अनुपमानं दवाखान्यातल्या एका ओळखीतून अरबांच्या पाळीव ससाण्यांवर उपचार करणाऱ्या डॉक्टरची वेळ घेतली. सोमवारी सकाळी टिपणीस पेटी घेऊन आत गेले, तर साहेब दांडीवर नव्हते. ते खाली कढीपत्त्याच्या कुंडीत होते आणि मागच्या पायांनी माती लोटत होते. अंग सुरकुतलेलं, पोट सपाट. टिपणिसांनी वाकून माती बाजूला केली. आत तीन पांढरी, लांबट अंडी होती.

"अनुपमा," त्यांनी हाक मारली. "साहेब बाई आहेत."

ईश्वरी धावत आली. "आय न्यू इट," ती म्हणाली. तिला काहीही माहीत नव्हतं.

दुपारपर्यंत साहेबांनी दोन लावीची अंडी फस्त केली आणि घरानं श्वास सोडला. त्याच दुपारी टिपणिसांनी जे केलं, त्यावरून अनुपमा त्यांच्याशी चार दिवस बोलली नाही. त्यांनी तिन्ही अंड्यांवर पेन्सिलीनं हलक्या हातानं नंबर घातले, ती डब्यात कापूस घालून फ्रीजमध्ये ठेवली आणि लिक्विडेटरच्या ऑफिसला रीतसर पत्र पाठवलं: ताब्यातल्या आयटममधून तीन आयटम निघाले आहेत.

"कुणी विचारलं होतं?" अनुपमा म्हणाली. "काही गोष्टी नंबर न घालता ठेवाव्यात माणसानं."

"ताब्यात आहे ते यादीत पाहिजे."

"यादीत! मार्चपर्यंत गप्प बसायला काय झालं होतं?"

चौथ्या दिवशी मोहिद्दीन आला तो चहाला नाही म्हणाला. सोफ्यावर बसून त्यानं पत्र गुडघ्यावर उलगडलं. "टिपणीस, यादी में एक था. अब चार हो गए. मतलब असल में दो थे. दूसरा कां है?"

"दुसरा नव्हता."

"नर के बगैर अंडे कैसे होते? ऑफिस पूछ रा है. वो लिख रे कि एक जनावर गायब है. गायब होना याने ताबेदार की गलती. ताबेदार बदलना पडता." तो खाली बघून बोलत होता. ताबेदार बदलणं म्हणजे काय, हे त्या खोलीत सगळ्यांना कळत होतं. आतल्या खोलीत ईश्वरीचं पाठांतर थांबलं.

तेव्हा चार दिवस गप्प असलेली अनुपमा स्वयंपाकघरातून बाहेर आली.

"भाईसाब, सुबह नाश्ते में क्या खाया?"

मोहिद्दीन गोंधळला. "आमलेट."

"उसका बाप कौन था, पूछा?"

मोहिद्दीननं फ्रीजकडे पाहिलं. मग म्हणाला, "हौ. हमारी अम्मी बी मुर्गियां पालती थी. मुर्गा नै था." त्यानं पेन काढलं. "लेकिन कागज लाना पडेगा."

ससाण्यांच्या डॉक्टरनं दोन ओळी लिहून दिल्या: मादी एकटी असली तरी अंडी घालू शकते, ही अंडी पोकळ आहेत, त्यांतून काही निघणार नाही. चौकशी मिटली. पण यादीत आता चार आयटम होते ते होतेच.

फेब्रुवारीच्या दुसऱ्या तारखेला पत्र आलं, साहेबांचा फैसला झाला. फुजैराच्या वाटेवर एका अमिराती गृहस्थांची खाजगी प्राणिबाग होती, ते न्यायला तयार होते, आठवड्याभरात. टिपणिसांनी कॅलेंडर काढलं. दहा तारखेला ताबा सुटला तर बारा मार्चपर्यंत देश सोडायचा. ईश्वरीचा शेवटचा पेपर सत्तावीस मार्चला. त्यांनी दोनदा मोजलं. अनुपमानं एकदा मोजलं आणि कॅलेंडर भिंतीवर परत लावलं.

नऊ तारखेला विलींच्या व्हॅनमधून साहेब निघाले. मोहिद्दीन पुढे बसला, टिपणीस मागे चादरींमध्ये, पेटी मांडीवर, अंड्यांचा डबा पायाशी. प्राणिबागेत साहेबांसाठी तीन मजली उंच जाळीचं घर होतं. आत खरं झाड होतं, वर पाण्याचे फवारे. पेटी उघडल्यावर साहेब क्षणभर टिपणिसांच्या मनगटाला शेपटीचा वेढा घालून थांबले, मग खोडावरून सरसर वर गेले आणि पानांत निळे होऊन दिसेनासे झाले. आपल्या बाथरूमच्या दांड्या टिपणिसांना फार तोकड्या वाटल्या.

तिथला रखवालदार रफिक, चितगावचा, वही घेऊन आला. "क्या खाता है?"

टिपणिसांनी पाठ असलेलं सगळं सांगितलं. रातकिडे किती, अंडी किती, वाफ किती वाजता. शेवटी म्हणाले, "जुमेरात को कुछ नहीं."

"क्यों?"

"उपवास होता है."

रफिकनं काही न विचारता लिहून घेतलं: जुमेरात, कुछ नहीं.

मग त्यानं डबा उघडला नि अंड्यांकडे पाहिलं. "ये नहीं लेगा साब. परमिट में एक जानवर है. इन का कागज कहां है? मां का नाम है, बाप का नहीं." डॉक्टरची चिठ्ठी दाखवली तरी तो मान हलवत राहिला. बिनकागदाचं काही आत घ्यायचं नाही, असा मालकाचा हुकूम होता.

परतीच्या वाटेवर डोंगर मागे पडले. मोहिद्दीननं मांडीवर यादी उघडली. चारपैकी एका आयटमवर खूण झाली होती. तीन तशीच.

"टिपणीस," तो पुढे बघतच म्हणाला, "तीन आयटम बाकी हैं. ताबा बाकी तो क्लिअरन्स नै."

चादरींच्या गठ्ठ्यांमधून टिपणिसांनी मान वर काढली.

"इनको फेंकना है तो ऊपर से लेटर मंगाना पडता. मैं लिखूंगा. टाइम लगता है." त्यानं यादी मिटली. "बच्ची का इम्तिहान कब खतम?"

"सत्तावीस मार्च."

"हौ," मोहिद्दीन म्हणाला. "उत्ता टाइम तो लगताच है."

घरी अनुपमानं डबा हातात घेतला, उघडला, तिन्ही अंड्यांवरचे नंबर वाचले आणि तो फ्रीजमध्ये सर्वांत वरच्या कप्प्यात, दह्याच्या भांड्याशेजारी ठेवला. त्या दिवसापासून फ्रीजचं दार जोरानं लावलं की ईश्वरीला बोलणी बसू लागली. वीज दहा मिनिटं गेली तर पर्लकडून बर्फ यायचा. तीन पोकळ अंड्यांची अशी बडदास्त दीड महिना चालली. फिजिक्स झालं, केमिस्ट्री झालं, गणिताला ईश्वरी रडून आली, इंग्लिश झालं.

सत्तावीस मार्चला दुपारी ती शेवटचा पेपर देऊन आली, चपला काढल्या आणि म्हणाली, "डन." मग साहेब गेल्यावरही कुणी न काढलेल्या दांड्यांखालून सरळ बाथरूममध्ये शिरून तासभर आंघोळ केली. वर्षभरात स्वतःच्या घरात पहिली.

दुसऱ्या दिवशी, रविवारी, तिथल्या आठवड्याच्या पहिल्याच दिवशी, ऑफिस उघडताच पत्र आलं: उरलेले तीन आयटम दोन साक्षीदारांसमोर नष्ट करावेत. पत्र टाइप केलेलं होतं, तारीख मात्र मोहिद्दीननं हातानं घातली होती.

साक्षीदार म्हणून विली आणि पर्ल आले. विलींनी चर्चला जाताना घालायचा शर्ट घातला होता. कढीपत्ता बाथरूममधून बाहेर आणला तेव्हा तो छातीएवढा वाढलेला होता, हिरवागार, करामात कुणी पाहिला नसेल असा. अनुपमानं पळीनं कुंडीत खड्डा केला. टिपणिसांनी नंबर वाचत एकेक अंडं आत ठेवलं. माती लोटल्यावर विलींचा हात आपोआप कपाळाकडे गेला, तिथून छातीवर आला.

"अहो, काय करताय," पर्ल कुजबुजली. "पोकळ होती ती."

"असू दे ग. मोठं काम केलं त्यांनी."

सह्या झाल्या. आता उद्या क्लिअरन्स, परवा व्हिसा रद्द, मग तीस दिवस. ईश्वरी पुण्याच्या कॉलेजांची माहिती काढत बसली होती. टिपणिसांनी सगळे कागद लावून घेतले, आणि सर्वांत खाली त्यांना आपल्या प्रतींतला तो पहिला परवाना सापडला. एप्रिल दोन हजार आठ. खाली त्यांचा शिक्का, त्यांची सही.

तो रकाना त्यांचा नव्हता. तरी त्यांनी पेन उघडलं. 'माहीत नाही' यावर सरळ एक रेघ मारली, शेजारी 'मादी' असं लिहिलं, आणि चूक दुरुस्त करताना करतात तशी बाजूला छोटी सही करून तारीख घातली.